अकरा वाड्यांचं एकच उत्तर

अकरा माणसांना एकच प्रश्न विचारला आणि अकराही जणांनी शब्दाचाही फरक न करता एकच उत्तर दिलं, तर विचारणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकायला हवी. अपेक्षाच्या मनात ती चुकचुकली नाही. उलट बाईसाहेब खूश झाल्या. इतका स्वच्छ सर्व्हे तिच्या हातून आजवर झाला नव्हता.

प्रश्न साधा होता. "मेंढरं कुठं चारता?"

उत्तरही साधंच होतं. "गायरानात की."

अपेक्षा वैरागची, शेतकऱ्याची लेक. पुण्यात नकाशांचं शिक्षण घेतलं आणि चांगल्या पगाराच्या दोन नोकऱ्या सोडून जुळे सोलापुरातल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात येऊन बसली. माळरानावर काम करणारी छोटीशी संस्था. एका खोलीत कॉम्प्युटर, दुसऱ्या खोलीत गवताच्या पेंढ्या. घरमालकाला वाटायचं, पोरगी म्हशी पाळणार आहे.

तिचं काम वणव्याचं. वणवा म्हटलं की लोकांना डोंगरातलं दाट जंगल आठवतं. सोलापूरकडं जळण्यासारखं आहे काय, असं पुण्यातले मित्र तिला तोंडावर विचारायचे. त्यांना काय माहीत. झाड सावकाश जळतं, गवताला तेवढा दम नसतो. मार्च महिना, वाळलेलं गवत आणि दुपारचा वारा, एवढं जमलं की माळावरची आग पळत्या माणसाला गाठते. दर उन्हाळ्यात कुठं ना कुठं माळ पेटायचा, जमिनीवर घरटी करणारी पाखरं पिलांसकट जळायची, आणि विझवायला गेलेल्या माणसांच्या पायांच्या पोटऱ्या भाजून निघायच्या.

अपेक्षानं कॉम्प्युटरवर बोरमाळ गावचा सगळा माळ उभा केला होता. गवत किती उंच आहे, किती वाळलंय, जमीन कुठं चढते कुठं उतरते, आणि वारा कुठून किती जोरात येतोय, एवढं त्याला सांगायचं. मग तो सांगायचा की अमुक ठिकाणी ठिणगी पडली तर आग दहा मिनिटांनी कुठं असेल, वीस मिनिटांनी कुठं. वारा, ऊन आणि हवेतला ओलावा कळायचा शाळेच्या गच्चीवर बसवलेल्या यंत्रातून. गवताचं वजन मात्र तिनं हातानं केलं होतं. मीटरभर लांब, मीटरभर रुंद चौकोन आखायचा, त्यातलं गवत विळ्यानं कापायचं, तोलायचं, वाळवायचं, परत तोलायचं. असे साठ चौकोन तिनं कापले. त्या कामात तिला साथ होती गुरुबसप्पाची.

गुरुबसप्पा बोरमाळचा वनरक्षक. अक्कलकोटच्या बाजूचा, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागावला की दोन्ही एकदम. तो अपेक्षाला 'तंगी' म्हणायचा, म्हणजे धाकटी बहीण. ती त्याला 'अण्णा' म्हणायची. तिला मोटरसायकलवर मागं बसवून त्यानं सगळा हिवाळा माळ दाखवला. एका शब्दानं कधी कुरकुरला नाही. कुठं बाभळीखाली थांबून घरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी तिच्या हातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "खा तंगी, कॉम्प्युटर काय जेवायला घालत नसतंय."

आता एक अडचण होती. उन्हाळ्यात आकाशातून काढलेल्या चित्रात वाळलेलं गवत आणि उघडी मुरमाड जमीन जवळजवळ एकाच रंगाची दिसते. गवत कुठं शिल्लक आहे आणि कुठं मेंढरांनी साफ केलंय, हे उपग्रहाला धड कळत नाही. ते कळणार मेंढपाळांकडून. सांगोला-मंगळवेढ्याकडची धनगर कुटुंबं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बोरमाळच्या शिवारात उतरतात. जाळी लावून मेंढरं कोंडायची, शेजारी पाल ठोकायचं. त्याला वाडा म्हणतात. असे अकरा वाडे त्या साली उतरले होते. अपेक्षा अकराही वाड्यांवर गेली आणि अकराही ठिकाणी तिला गायरान हेच उत्तर मिळालं.

आता कुणीही शहाणं माणूस विचारील, ती गेली कशी? तर वनरक्षकाच्या गाडीवर बसून. खाकी कपड्यातला गुरुबसप्पा पुढं आणि ही मागं. तारेच्या कुंपणातलं बंद कुरण राखणं हीच ज्याची नोकरी, मेंढरू आत दिसलं की कोंडवाड्यात घालणं हाच ज्याचा धाक, त्याला शेजारी उभं करून ही विचारतेय, मेंढरं कुठं चारता? मेंढपाळ काय वेडे आहेत? पण अपेक्षाला त्या वेळी हे सुचलं नाही. शिकलेल्या माणसाला साधी गोष्ट सुचत नाही ती अशी.

गायरानातलं टेकाड तिनं रस्त्यावरून पाहिलंही होतं. रस्त्याच्या अंगाला ते बोडकंच होतं. टेकाडाला मागचीही बाजू असते, हे खरं तर तिला कुणी शिकवायला नको होतं. पण त्या दिवशी शेवटची एस.टी. गाठायची होती, आणि अकरा जणांचं उत्तर वहीत होतंच. तिनं नकाशात गायरान पांढरं केलं, म्हणजे चरलेलं, गवत नाही. आणि बंद कुरण सगळंच्या सगळं गडद पिवळं, म्हणजे गवतानं भरलेलं.

फेब्रुवारीपासून रोज सकाळी अकराला तिचा नकाशा गुरुबसप्पाच्या मोबाइलवर जाऊ लागला. आज वारा असा आहे, आग लागली तर अशी पळेल, आणि विझवणाऱ्यांनी इथं उभं राहावं. जिथं उभं राहायचं तिथं हिरवा ठिपका. महिन्याभरात दोन लहान आगी लागल्या आणि दोन्ही वेळा आग तिनं दाखवली तशीच चालली. तेव्हापासून गुरुबसप्पा वाद घालायचा बंद झाला. त्याच्या हाताखालचे तीन मजूर काही बोलायला लागले की तो एवढंच म्हणायचा, "तंगीनं सांगितलंय."

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. हवा सकाळपासून करकरीत कोरडी होती आणि वारा दहा वाजल्यापासूनच अंगात आल्यासारखा करत होता. अकराच्या नकाशात अपेक्षानं हिरवा ठिपका ठेवला गायरानाच्या टेकाडावर, मागच्या उतारावर. उंच जागा, सगळं दिसतं, आणि गवत नाही. याहून चांगली जागा कुठली?

सव्वादोनला गुरुबसप्पाचा फोन आला. बोरमाळच्या पश्चिमेला कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं आणि आग बांध ओलांडून माळात घुसली होती.

"निघालोय तंगी. चौघं आहोत. टेकाडाला जातो."

"जपून, अण्णा."

"तू हाईस की," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

पाच मिनिटं झाली असतील. अनोळखी नंबर वाजला.

"म्याडम, मी मायाप्पा बोलतोय. केराबाईचा मालक. तुमी चिठ्ठीवर लंबर दिल्ता न्हवं?"

अपेक्षाला आठवलं. अकरा वाड्यांतला सगळ्यात म्हातारा मेंढपाळ. त्याची बायको केराबाई पालाच्या दारात कोकरांना दूध पाजत होती आणि खाकी कपडे बघून आत गेली ती बाहेर आलीच नव्हती.

"बोला मामा. पण आत्ता जरा घाईत आहे मी."

"गार्डसायेब तीन मानसं घिऊन टेकाडाकडं चाललेत. मागच्या अंगाला. कशाला चाललेत?"

"तिथं गवत नाही म्हणून. तुम्ही लोकांनीच चारलंय ना ते."

मायाप्पा म्हणाला, "तितं मांडीयेवढी कुसळ हाय."

कुसळी गवत ती लहानपणापासून ओळखत होती. दसऱ्यानंतर त्याला सुईसारखी टोकदार कुसळं येतात. ती लोकरीत घुसतात, कातड्यात घुसतात, मेंढराच्या डोळ्यात गेली तर डोळा जातो. जाणता मेंढपाळ तिकडं फिरकतही नाही. म्हणजे तिथलं गवत दसऱ्यापासून कुणी तोंडातही घेतलेलं नव्हतं, आणि आता ते वाळून कडकडीत झालं होतं.

"मग तुम्ही सगळ्यांनी गायरानात चारतो म्हणून सांगितलंत ते?"

"खोटं सांगितलं. मी तर तारंच्या आत चारतो, कुरनात. सा वर्सं झाली. गार्ड म्होरं हुबा, आन् तुमी विचारता कुटं चारता. काय सांगनार हुतो?"

तिनं एका हातानं गुरुबसप्पाला फोन लावला. लागेना. टेकाडाच्या आसपास रेंज नसते, हे तिच्याच नकाशात लिहिलेलं होतं. दुसऱ्या हातानं तिनं कॉम्प्युटरवर टेकाडाच्या मागचा पांढरा भाग पुसून तिथं मांडीएवढं गवत भरलं, आताचा वारा दिला आणि आग सोडली. पडद्यावरची लाल रेघ पाचटाच्या रानातून निघाली, ओढ्याच्या पात्रात जरा घुटमळली आणि मग टेकाडाचा उतार मागून चढून थेट हिरव्या ठिपक्यावर गेली.

चौदा मिनिटं.

"मामा," ती म्हणाली, "अण्णांचा फोन लागत नाही. तुम्ही जवळ आहात. तुम्हीच जा."

आपण त्याच्याकडं काय मागतोय, हे तिला पुरतं कळत होतं. गार्डासमोर जायचं म्हणजे तू इथं काय करतोस ते आधी सांगायचं. मेंढरं त्या घटकेला कुरणातच होती. पकडली गेली तर कोंडवाडा, आणि वाडा भर मार्चात उठवावा लागणार. पन्नासभर कोकरं आठ-दहा दिवसांची, ती सांगोल्यापर्यंत चालणार कशी?

"किती येळ हाय?" त्यानं विचारलं.

"चौदा मिनिटं. आता तेराच."

"मग बोलत काय बसलीस," म्हातारा म्हणाला. फोन चालूच राहिला, पण त्यात नुसता धापांचा आणि पायताणांचा आवाज येत होता. मग तोही तुटला.

त्यानंतरचा वेळ अपेक्षानं कसा काढला, ते तिचं तिला माहीत. ती खुर्चीत बसू शकेना. पडद्यावर लाल रेघ पुढं सरकत होती आणि तिला ती थांबवताही येईना, कारण ती खरी आग नव्हती, खरी तिकडं होती. ज्या माणसानं आपल्या हातावर भाकरी ठेवली त्याला आपण सरणावर नेऊन उभं केलं, हे एकच वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं. त्याला दोन मुली आहेत, थोरली सातवीत आहे, हे आठवलं. घड्याळात चौदा मिनिटं झाली. वीस झाली. तिनं देवाला काय काय कबूल केलं ते इथं सांगण्यात अर्थ नाही, त्यातलं निम्मं तिला पुढं आठवलंही नाही.

तिसाव्या मिनिटाला फोन आला.

"तंगी, चौघंबी हाय आम्ही," गुरुबसप्पा खोकत म्हणाला. "आणि पाचवं हे म्हातारं."

अपेक्षा रडू लागली. गुरुबसप्पानं तिला रडू दिलं. मग खोकत खोकत सगळं सांगितलं.

ते चौघं टेकाडाच्या पायथ्याला गाडी लावून मागच्या अंगाला वळले होते. पुढं कुसळ दिसली, तशी मजुरांतला येडू म्हणाला, "सायेब, हितं तर गवत हाय." आणि गुरुबसप्पा नेहमीचंच वाक्य बोलला, "तंगीनं सांगितलंय." चार पावलं आत गेलेही. तेवढ्यात मायाप्पा घोंगडं हलवत पळत आला. गुरुबसप्पाला वाटलं, मेंढरं लपवायला वेळ मिळावा म्हणून हे सोंग चाललंय. त्यानं दम भरला. म्हाताऱ्यानं त्याचा दंड धरला आणि म्हणाला, "सायेब, मी चोर हाय. उद्या काय करायचं ते करा. आत्ता माझ्यामागनं पळा."

पळत त्यानं चौघांना कुठं नेलं? बंद कुरणाच्या तारेपाशी. तिथं घाणेरीच्या झुडपाआड तार उचलून ठेवलेली होती, मेंढरू वाकून जाईल एवढी. गुरुबसप्पा ती वाट सहा वर्षं शोधत होता. त्या दिवशी तिच्यातून तो पोटावर सरपटत गेला. शर्ट तारेला अडकून फाटला. पलीकडं पन्नास पावलं रुंद आणि नजर पोचेल तिथवर लांब असा पट्टा मेंढरांनी खाऊन आणि तुडवून अंगणासारखा केला होता. रस्त्यावरून दिसू नये म्हणून मायाप्पा रोज तेवढ्याच खोलगट भागात चारायचा. पाच माणसं आणि तीनशे मेंढरं त्या पट्ट्यात उभी राहिली. टेकाड घराएवढ्या ज्वाळांनी पेटलं. तिथनं आग तारेपर्यंत आली, पट्ट्याशी आल्यावर तिला खायला काही राहिलं नाही, आणि ती बसली. कडेकडेची त्यांनी लिंबाच्या फांद्यांनी झोडपून विझवली. कुरण आणि त्यातली पाखरं वाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अपेक्षा स्कूटी घेऊन बोरमाळला गेली. वाटेत दोनदा तिला वाटलं, परत फिरावं. गुरुबसप्पा शाळेच्या ओट्यावर बसला होता, भुवया होरपळलेल्या.

"अण्णा, माझ्यामुळं तुम्ही तिथं गेलात," ती म्हणाली. तिनं घरून निघताना लांबलचक बोलणं जुळवलं होतं, त्यातलं एवढंच बाहेर पडलं.

"तुझी चूक हाय," गुरुबसप्पा म्हणाला. त्यानं नाही म्हटलं नाही, त्याचा तिला आधारच वाटला. "माझीबी हाय. सहा वर्षं नोकरी करतो, टेकाड मीबी रस्त्यावरनंच बघत होतो. आणि गवत डोळ्यासमोर दिसत असताना आत गेलो. चल, त्या म्हाताऱ्याकडं जाऊ."

तो एकटा नव्हता आला. बायको आणि दोन्ही मुलींना घेऊन आला होता. वाड्यावर पोचल्यावर खाकी कपडे बघून केराबाई सवयीनं पालात शिरायला लागली. गुरुबसप्पाच्या बायकोनं मागनं जाऊन तिचा हात धरला, तिच्या पदरात खण-नारळ घातला आणि कानडीत भरभर बोलू लागली. केराबाईला कानडीचा एक शब्द येत नव्हता. ती मराठीत म्हणत राहिली, "आसूं दे बाई, आसूं दे." दोघी बराच वेळ तशाच एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या, आणि दोघींनाही सगळं कळत होतं. अपेक्षा मायाप्पाच्या पाया पडली. म्हातारा अवघडला, पायताणं काढू का ठेवू असं त्याला झालं.

"मामा, तुमचे उपकार मी जन्मात विसरायची नाही."

"आगं, खोटं मीच बोललो हुतो की. माजं खोटंच निस्तराय गेलो."

दुपारी वनखात्याचे मोठे साहेब पाहणीला आले. मायाप्पा स्वतःच पुढं झाला. कुरणात मेंढरं घातली का, तर घातली. किती दिवस, तर सहा वर्षं. साहेबांनी गुरुबसप्पाकडं पाहिलं, गुरुबसप्पानं जमिनीकडं. मग अपेक्षानं लॅपटॉप उघडून कालची आग दोन तऱ्हांनी शेजारी शेजारी चालवून दाखवली. एकीत मायाप्पाचा पट्टा नव्हता. ती आग टेकाड ओलांडून सगळं कुरण खाऊन गावातल्या कडब्याच्या गंजींपर्यंत गेली. दुसरीत पट्टा होता. ती काल जिथं थांबली तिथंच थांबली. साहेबांनी ते तीन वेळा पाहिलं. पहिल्यांदा त्यांनी झाडलं ते अपेक्षालाच. पायी न फिरता नकाशे काढता, काल माणसं मेली असती तर कुणाच्या दारात जाऊन काय सांगणार होतात? ती मान खाली घालून ऐकत होती, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. नंतर ते मायाप्पाकडं वळले आणि म्हणाले, पाऊस पडेपर्यंत या बाई जिथं पट्टा आखून देतील तिथंच आणि तेवढंच चारायचं, गार्डच्या देखरेखीखाली, लेखी परवानगीनं. तारेखालची वाट मात्र आजच्या आज बुजवायची.

"बुजवतो की," मायाप्पा म्हणाला. "आता दारातनं जायचं म्हनल्यावर खिडकी कशाला?"

पुढचे आठ दिवस अपेक्षा गाडीवर बसली नाही. मायाप्पाबरोबर सगळा माळ पायी फिरली. आता त्यानं काही लपवलं नाही. इथं चोरून चारलं, इथं मुद्दाम सोडलं, इथं पाखरं अंडी घालतात म्हणून माघापासून मेंढरू नेत नाही, इथली जमीन भुसभुशीत म्हणून गवत वरनं कोरडं दिसलं तरी बुडात ओलं असतं. त्याचं बघून बाकीचे दहा वाडेही बोलते झाले. वहीत पहिल्यांदाच अकरा वेगळी उत्तरं पडली, आणि त्यातली चार एकमेकांशी भांडत होती. तिनं त्या चारही ठिकाणी जाऊन गवतात गुडघे टेकले. संध्याकाळी ती वाड्यावर बसून नकाशा दुरुस्त करायची आणि केराबाई तिला शेळीच्या दुधाचा चहा द्यायची. पाय सुजले होते, पण मन इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. आपल्याला दुसरी संधी मिळाली, ती या माणसांनी दिली, याची आठवण तिला चहाच्या प्रत्येक घोटाला यायची.

नकाशा तयार झाला. पण पाठवायची वेळ आली तेव्हा ती धजेना.

एप्रिलचा पहिला सोमवार. वारा त्या दिवसासारखाच सुटला होता. अकरा वाजून गेले. गुरुबसप्पाचा मेसेज आला, "नकाशा?" तिनं उत्तर दिलं नाही. हिरवा ठिपका ओढ्याच्या अलीकडं, नव्या चारलेल्या पट्ट्यात पडला होता. तिनं सगळं चार वेळा तपासलं होतं. आकडे बरोबर होते. पण मार्चातही तिच्या हिशेबानं आकडे बरोबरच होते, आणि त्या ठिपक्यावर तिनं चार जिवंत माणसं उभी केली होती. साडेअकरा झाले. तिनं मायाप्पाला फोन लावला.

"मामा, मला भीती वाटतेय," ती म्हणाली. दुसऱ्या कुणाला तिनं हे सांगितलं नसतं.

"कशाची?"

"परत चुकलं तर?"

"कुटं हुबं ऱ्हायचं म्हनतीस आज?"

तिनं जागा सांगितली. ओढ्याच्या अलीकडं, हिवराच्या दोन झाडांच्या मधे, पट्ट्यात.

"बरं," तो म्हणाला. "थांब जरा. फोन ठिवू नको."

फोनवर परत पायताणांचा आवाज आला. या वेळी घाई नव्हती. मधे त्यानं कुत्र्याला हाक मारली, कुणाला तरी मेंढरं वळवायला सांगितलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. अपेक्षा कानाला फोन लावून बसून राहिली. मग आवाज थांबला.

"आलो बघ," मायाप्पा म्हणाला. "दोन हिवरांच्या मदी हुबा हाय. गवत घोट्याच्या खाली. मागं वढ्याची वाळू. आग आली तर पयली माज्या अंगावर यील, आन् ती येत न्हाय. पाठीव आता."

अपेक्षानं नकाशा परत एकदा उघडून पाहिला.

"पाठीव की गं पोरी. गार्डसायेब येऊस्तर मी हितनं हालत न्हाय."

तिनं डोळे पुसले आणि नकाशा पाठवला.